वापरलेली जहाजं आणि न वापरलेली वर्षं

आमच्या ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या एका मराठी मंडळात नुकतीच वादविवाद स्पर्धा झाली. विषय होता, 'परदेशी नौदलानं निवृत्त केलेली जहाजं भारतानं घ्यावीत काय?' ऑक्टोबर 2025 मध्ये संरक्षण अधिग्रहण परिषदेनं सैन्य किनाऱ्यावर उतरवणाऱ्या मोठ्या जहाजांना, म्हणजे एलपीडींना, तत्त्वतः मंजुरी दिली आणि त्यानिमित्तानं आयएनएस जलाश्वची, म्हणजे 2007 मध्ये अमेरिकेकडून घेतलेल्या जुन्या एलपीडीची, कहाणी पुन्हा चर्चेत आली. एका बाजूनं आवेशानं विचारलं, शेजाऱ्यानं दामटून टाकलेली स्कूटर कोणी हौसेनं घरी आणतं का? दुसऱ्या बाजूनं मित्रराष्ट्रांचा विश्वास, हिंद महासागरातला समतोल, असे भारदस्त शब्द वापरले. स्कूटरला टाळ्या जास्त पडल्या. बक्षीस कोणाला मिळालं ते इथे गैरलागू आहे. मला खटकलं ते हे, की दोन्ही बाजू सौद्याच्या दिवसाबद्दलच भांडत होत्या. जहाज घेतल्यावर पुढे काय झालं, याकडे कोणी फिरकलंच नाही. ही त्या मुलांची चूक नाही. वर्तमानपत्रांत आणि वाहिन्यांवर हा वाद गेली अठरा वर्षं असाच चालला आहे.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. दुसऱ्याचं जुनं जहाज घेण्यात कमीपणा काही नाही आणि फार मोठी मुत्सद्देगिरीही नाही. असं जहाज घेणारा देश पैसे मोजून वर्षं घेत असतो: दहा, पंधरा, फार तर वीस. तेवढ्या वर्षांत त्यानं आपली माणसं किती तयार केली आणि स्वतःचं जहाज किती पुढे नेलं, यावरच सौदा बरा की वाईट ते ठरवावं. या हिशेबानं जलाश्वची खरेदी बरोबर होती. खरेदीनंतर मिळालेली वर्षं मात्र आपण बऱ्याच अंशी वाया घालवली.

एलपीडी म्हणजे नेमकं काय, हे न सांगता हा वाद पुढे नेण्यात अर्थ नाही. या जहाजाच्या पोटात पाठीमागच्या बाजूला एक मोठी गोदी असते. टाक्यांत समुद्राचं पाणी घेऊन जहाज आपला मागचा भाग खाली बसवतं, दार उघडतं, गोदीत पाणी शिरतं आणि आत उभ्या असलेल्या लहान नौका रणगाडे, ट्रक, माणसं घेऊन तरंगत बाहेर पडतात. वर हेलिकॉप्टरसाठी डेक असतो. म्हणजे बंदर नसलेल्या किंवा बंदर उद्ध्वस्त झालेल्या किनाऱ्यावरही शेकडो माणसं आणि त्यांची वाहनं उतरवता येतात, किंवा तिथून उचलता येतात. 26 डिसेंबर 2004 च्या त्सुनामीत अंदमान-निकोबारपासून श्रीलंका, मालदीव, इंडोनेशियापर्यंत आपलं नौदल धावून गेलं. त्याचं कौतुक झालं आणि ते रास्त होतं. पण असं एकही जहाज आपल्याकडे नाही, हेही तेव्हाच सगळ्यांच्या लक्षात आलं.

त्यानंतर अमेरिकेचं यूएसएस ट्रेंटन आलं. 1971 साली अमेरिकी नौदलात दाखल झालेलं, सुमारे सतरा हजार टनांचं, वाफेच्या टर्बाइनवर चालणारं जहाज. जानेवारी 2007 मध्ये नॉरफोक इथे ते भारताच्या स्वाधीन झालं, जूनमध्ये आयएनएस जलाश्व म्हणून दाखल झालं आणि विशाखापट्टणमला राहू लागलं. जहाजाची किंमत पाच कोटी डॉलरच्या आत, हेलिकॉप्टरं वेगळी. इतिहासाची गंमत अशी, की ज्या वर्षी हे जहाज अमेरिकी नौदलात दाखल झालं, त्याच वर्षाच्या डिसेंबरात अमेरिकेनं एंटरप्राइज ही विमानवाहू नौका बंगालच्या उपसागरात पाठवली होती आणि तिच्या सोबत ट्रिपोली हे सैन्य उतरवणारं जहाजही होतं. छत्तीस वर्षांनी तशाच कामाचं एक अमेरिकी जहाज आपला झेंडा लावून त्याच उपसागरात उभं राहिलं.

आता विरोधकांचं जे खरं आहे ते मान्य करू. नियंत्रक व महालेखापरीक्षकांनी 2008 च्या अहवालात या खरेदीवर कडक ताशेरे मारले. जहाजाच्या प्रत्यक्ष अवस्थेची नीट तपासणी न करता ते घेतलं, हा पहिला आक्षेप. जहाज आक्रमक कारवाईत वापरण्यावर मर्यादा आणि दिलेल्या वस्तूंची तपासणी करण्याचा अमेरिकेला अधिकार, अशा अटी स्वीकारल्या, हा दुसरा. त्याच वर्षी फेब्रुवारीत जहाजावर विषारी वायूची गळती होऊन नौसैनिकांचे जीव गेले. 'जुनं ते सोनं' असं म्हणणाऱ्यानं त्या घरांकडे बघून एकदा म्हणून दाखवावं. जुन्या जहाजाच्या बंदिस्त टाक्या आणि कित्येक दशकांच्या पाइपलाइनी या नव्या खलाशांसाठी अनोळखी घराच्या तळघरासारख्या असतात, आणि ती ओळख करून घेण्याचा काळ हाच सर्वांत धोक्याचा. या गोष्टी बारीकसारीक नव्हेत.

ऑस्ट्रेलियाचं उदाहरण तर विरोधकांनी द्यायला हवं होतं. स्पर्धेत कोणालाच ते आठवलं नाही, म्हणून मीच देतो. 1994 मध्ये ऑस्ट्रेलियानं अमेरिकेकडून न्यूपोर्ट वर्गातली दोन जुनी जहाजं घेतली आणि त्यांना कनिम्ब्ला आणि मनूरा ही नावं दिली. घरी आणून उघडून पाहतात तो आत ठिकठिकाणी गंज. मूळ किमतीच्या कित्येक पट पैसा दुरुस्तीत आणि फेरबदलात गेला, वर्षंही गेली. पुढे त्या जहाजांनी कामं केली, पण फेब्रुवारी 2011 मध्ये क्वीन्सलंडवर यासी नावाचं चक्रीवादळ आलं तेव्हा मदतीला पाठवायला ऑस्ट्रेलियाकडे असं एकही मोठं जहाज धड अवस्थेत नव्हतं. एवढ्या श्रीमंत देशाची अशी फजिती झाली. चौकशी बसली, रिझो अहवाल आला आणि त्यात दोष गंजापेक्षा देखभालीच्या ढिसाळ व्यवस्थेवर जास्त ठेवला गेला.

पण गोष्ट तिथे थांबत नाही. त्याच वर्षी ऑस्ट्रेलियानं पुन्हा जुनंच जहाज घेतलं! ब्रिटनचं लार्ग्ज बे, 6 कोटी 50 लाख पौंडांना. एकदा हात पोळलेल्या माणसानं पुन्हा त्याच विस्तवाकडे का जावं? कारण स्पेनमध्ये सांगाडा बांधून मेलबर्नजवळ पुरी करायची दोन मोठी जहाजं तेव्हा वाटेत होती आणि ती येईपर्यंतची वर्षं भरून काढायची होती. लार्ग्ज बेचं चौल्स झालं. तेही 2012 मध्ये ट्रान्सफॉर्मर बिघडून बरेच महिने अडकून पडलं. पण 2014 आणि 2015 मध्ये कॅनबेरा आणि ॲडलेड ही नवी जहाजं दाखल झाली. चौल्सनं 2020 च्या जानेवारीत वणव्यानं वेढलेल्या मॅलाकूटा गावातून हजाराच्या वर माणसं समुद्रमार्गे बाहेर काढली. एकाच देशानं दोनदा जुनं घेतलं, एकदा डोळे झाकून आणि एकदा तारखा समोर ठेवून. या दोन सौद्यांमधला फरक जहाजाच्या वयात शोधून सापडणार नाही.

लार्ग्ज बेचंच उदाहरण आणखी एका आवडत्या युक्तिवादाला पुरतं. 'चांगलं असतं तर त्यांनी दिलं असतं का?' हा प्रश्न विचारणारा खिशात हुकमाचा पत्ता असल्यासारखा विचारतो. लार्ग्ज बे ब्रिटनच्या सेवेत 2006 मध्ये आलं आणि 2011 मध्ये विकलं गेलं. पाच वर्षांचं जहाज! 2010 मध्ये ब्रिटननं संरक्षण खर्चाला कात्री लावली, तिच्यात ते सापडलं. हेलिकॉप्टरवाहू एचएमएस ओशनची मोठी दुरुस्ती होऊन काहीच वर्षं झाली होती, तोवर 2018 मध्ये ती ब्राझीलकडे गेली आणि आज ब्राझीलच्या नौदलातली सर्वांत मोठी नौका आहे. फ्रान्सची फूद्र चिलीकडे आणि सिरोको ब्राझीलकडे गेली. नौदलं जहाजं टाकतात ती पैसा नाही म्हणून, खलाशी पुरत नाहीत म्हणून, सरकार बदललं म्हणून. कधी जहाज खरोखरच संपलेलं असतं म्हणूनही. यातलं कारण कोणतं, हे शोधण्यासाठीच तर तपासणी असते आणि महालेखापरीक्षकांचा राग नेमका ती न केल्याबद्दल होता. त्यांच्या अहवालातून 'जुनं घेऊ नका' असा अर्थ काढणाऱ्यांनी तो अहवाल पुन्हा वाचावा.

आणखी एक विचारतो. 2023 मध्ये आपण आयएनएस कृपाण ही शस्त्रसज्ज, चालती लढाऊ नौका व्हिएतनामला भेट दिली. तेव्हा आपल्याकडे कोणी म्हणालं का, की आपण व्हिएतनामच्या गळ्यात भंगार मारलं? आपण दिलं की मैत्री, आपण घेतलं की भीक, हा कुठला न्याय?

वयाबद्दलही एक. आम्हा ग्वाल्हेरकरांच्या डोक्यावरून रोज जी मिराज विमानं जातात ती महाराजपूरच्या तळावर 1985 मध्ये आली. 2019 च्या फेब्रुवारीत त्यांचं वय तिशीच्या पुढे होतं, आणि बालाकोटला जायला तीच निवडली गेली. त्या दिवशी त्यांच्या जन्मतारखेची चौकशी कोणी केली नव्हती.

अटींचा मुद्दा मात्र असा उडवून लावता येत नाही. आपलं जहाज, आपले खलाशी, आणि कुठे न्यायचं ते दुसरा सांगणार? हे ऐकून कोणाचंही डोकं फिरेल. इथे इतिहास दोन्ही बाजूंनी बोलतो. जून 1964 मध्ये सायप्रसमध्ये सैन्य उतरवण्याच्या तयारीत असलेल्या तुर्कस्तानला अमेरिकेचे अध्यक्ष जॉन्सन यांनी खरमरीत पत्र लिहिलं: आम्ही दिलेली शस्त्रसामग्री या कामाला आमच्या संमतीवाचून वापरता येणार नाही. तुर्कस्तान तेव्हा थांबला. म्हणजे अटी कागदापुरत्या असतात असं समजणं भाबडेपणाचं आहे. पण पुढची दहा वर्षं तुर्कस्ताननं काय केलं? स्वतःच्या गोद्यांमध्ये सैन्य उतरवणाऱ्या नौका बांधायला घेतल्या. जुलै 1974 मध्ये तो सायप्रसच्या किनाऱ्यावर उतरला तेव्हा त्याच्या ताफ्यात अमेरिकेच्या जुन्या विनाशिका होत्याच, जोडीला घरच्या नौकाही होत्या. अमेरिकेनं 1975 मध्ये शस्त्रबंदी लादली, तीही त्यानं सोसली. तुर्कस्ताननं सायप्रसमध्ये जे केलं त्याचं समर्थन मला करायचं नाही. अट मोडायची किंमत असते आणि ती किंमत झेपेल अशी तयारी आधीच्या वर्षांत करावी लागते, एवढंच त्यातून दिसतं.

आणि नवं घेतलं की अटी सुटतात, हा तर निव्वळ भ्रम. रशियानं 2011 मध्ये फ्रान्सकडून मिस्त्राल जातीची, सैन्य उतरवणारी, दोन कोरी जहाजं मागवली, पैसे भरले. शेकडो रशियन खलाशी सॅं-नाझेरला प्रशिक्षणासाठी येऊन राहिले. पण 2014 मध्ये रशियानं युक्रेनचा क्रिमिया बळकावला होता, त्यावरून फ्रान्सनं हात आखडता घेतला, खलाशी रिकाम्या हातानं परतले. 2015 मध्ये करार मोडला, पैसे परत झाले आणि 2016 मध्ये तीच जहाजं गमाल अब्देल नासेर आणि अन्वर अल सादात या नावांनी इजिप्तकडे गेली. जहाज कोरं करकरीत होतं, गिऱ्हाईक महासत्ता होतं. तरी चावी विकणाऱ्याच्याच हातात राहिली. आपणही 1998 च्या अणुचाचण्यांनंतर सी किंग हेलिकॉप्टरांच्या सुट्या भागांसाठी ताटकळलो आहोत, आणि ती काही अमेरिकेनं वापरून टाकलेली हेलिकॉप्टरं नव्हती.

परक्याची सामग्री आणि परक्याची चावी यांतला फरक ग्वाल्हेरच्या माणसाला तरी समजावून सांगावा लागू नये. महादजी शिंद्यांनी 1784 च्या सुमारास द ब्वान्य या साव्हॉयच्या माणसाला चाकरीत घेतलं आणि कवायती पलटणी उभ्या केल्या. आग्र्याला तोफा ओतल्या जाऊ लागल्या. पाटण आणि मेडत्याच्या लढायांत या फौजेनं राजपुतान्याला आपला हिसका दाखवला. उत्तर हिंदुस्थानात तिच्या तोडीची फौज नव्हती. महादजी गेले, द ब्वान्य परतला, त्याच्या जागी पेराँ आला. 1803 मध्ये इंग्रजांशी युद्ध जुंपलं तेव्हा दौलतरावांच्या फौजेतले इंग्रज अधिकारी कंपनीच्या जाहीरनाम्यासरशी निघून गेले. अलीगढच्या किल्ल्याचा दरवाजा फोडायला इंग्रजांना वाट दाखवली ती शिंद्यांचीच चाकरी सोडून आलेल्या ल्यूकन नावाच्या अधिकाऱ्यानं. खुद्द पेराँ त्या धामधुमीत इंग्रजांच्या आश्रयाला गेला. पण लासवाडीच्या रणात तोफा तिथेच होत्या आणि गोलंदाजही तिथेच होते. संगिनीनं भोसकले जाईपर्यंत ते तोफेजवळून हलले नाहीत, हे इंग्रजांनीच लिहून ठेवलं आहे. तोफेची घडण युरोपातल्या धर्तीवरची होती म्हणून शिंदे हरले नाहीत. फौजेची रचना, किल्ल्याच्या वाटा, हुकूम देण्याची रीत ज्यांच्या डोक्यात होती ती माणसं आपली नव्हती. वीस वर्षं मिळाली होती, आणि तेवढ्या काळात त्या जागी आपले अधिकारी तयार झाले नाहीत. जलाश्वकडे बघताना मला अमेरिकेचा पोलाद कारखाना दिसत नाही, त्या जहाजावरचा बॉयलरवाला दिसतो. तो आपला आहे. वाफेवर चालणारी मोठी जहाजं चालवण्याची विद्या आपल्या नौदलात विक्रांत आणि विराटमुळे, म्हणजे ब्रिटनकडून आलेल्या दोन जहाजांमुळे, आधीपासून मुरलेली होती. म्हणून तर छत्तीस वर्षांचं जहाज आपण आणखी अठरा वर्षं चालवू शकलो.

मैत्रीवाल्या बाजूबद्दल फार लिहावं असं नाही. जहाज दिल्यानं मैत्री बांधली जाते, असं मानणाऱ्यांनी मालदीवकडे बघावं. मे 2023 मध्ये आपले संरक्षणमंत्री तिथे गेले, एक गस्तीनौका आणि एक उतरणनौका देऊन आले. त्याच वर्षी निवडणुकीत 'इंडिया आउट' म्हणणारा पक्ष जिंकला आणि मे 2024 पर्यंत आपले सैनिक तिथून परत आले. देणाऱ्याला वाटतं तेवढं घेणारा मिंधा होत नाही. जलाश्व घेऊन आपण तरी कुठे झालो? मोठ्या गठ्ठ्यानं घेण्यातही शहाणपण नसतं. जर्मनी एक झाल्यावर पूर्व जर्मनीच्या नौदलाची 39 जहाजं इंडोनेशियानं घेतली, त्यांत 14 सैन्य उतरवणारी होती. ती दुरुस्त करायचा खर्च किती, यावरून मंत्र्यामंत्र्यांत जुंपली. 'टेम्पो' साप्ताहिकानं ते छापलं आणि जून 1994 मध्ये सुहार्तो सरकारनं 'टेम्पो'चाच परवाना काढून घेतला. जहाजाच्या दुरुस्तीचा हिशेब विचारणाऱ्याचं तोंड बंद होतं, तिथे जहाज कितीही स्वस्त मिळालं तरी महागच पडतं. आपल्याकडे महालेखापरीक्षकांचा अहवाल संसदेत आला, छापून आला, त्यावर आजही एका मंडळाच्या स्पर्धेत मुलं भांडतात, ही माझ्या मते या सौद्यातली जमेची बाजू आहे.

उरला सर्वांत अवघड आक्षेप, आणि तो स्पर्धेत एकाच मुलीनं मांडला: जुनं जहाज ही कुबडी आहे, ती मिळाली की माणूस पाय बरा करून घेत नाही. इथे मी निम्मा हरतो. नौदलानं चार एलपीडींसाठी 2013 मध्ये निविदा मागवल्या. वर्षामागून वर्षं गेली, 2020 मध्ये ती प्रक्रिया गुंडाळली. 2021 मध्ये पुन्हा पहिल्यापासून माहिती मागवण्यापासून सुरुवात. आणि 2025 मध्ये तत्त्वतः मंजुरी, म्हणजे प्रवासाची पहिली पायरी. जलाश्व नसतं तर हे भराभर झालं असतं का? मला तसं वाटत नाही. 2007 च्या आधी जलाश्व नव्हतंच, तेव्हा कुठे झालं होतं? मे 2023 मध्ये आयएनएस मगर ही सैन्य उतरवणारी नौका निवृत्त झाली, ताफ्यातली जागा रिकामी झाली, म्हणून काय कोणत्या गोदीत रातोरात काम सुरू झालं? टंचाईमुळे आपोआप काही बांधलं जात नाही. मधल्या काळात फक्त माणसं अडकून पडतात. मे 2020 मध्ये जलाश्व मालेला गेलं आणि पहिल्याच फेरीत 698 भारतीयांना घेऊन कोचीला आलं. पुढे कोलंबोला गेलं, इराणच्या बंदर अब्बासला गेलं. 2021 च्या दुसऱ्या लाटेत ऑक्सिजनच्या टाक्या आणल्या. स्वावलंबनाची सवय लागावी म्हणून या माणसांना मालेच्या धक्क्यावर थांबवायचं होतं काय?

आणि जुनं जहाज कुबडी ठरतंच असा नियम नाही, हे दाखवायला मला ग्वाल्हेरबाहेर जावं लागत नाही. पहिल्या महायुद्धाच्या सुरुवातीला, 1914 च्या डिसेंबरात, माधवराव शिंद्यांनी इतर काही संस्थानिकांच्या साथीनं एम्प्रेस ऑफ इंडिया हे कॅनेडियन कंपनीचं जहाज विकत घेतलं. प्रशांत महासागरात वीस-बावीस वर्षं घासलं गेलेलं. त्याचं रुग्णालयाचं जहाज केलं आणि नाव ठेवलं लॉयल्टी. युद्ध संपल्यावर वालचंद हिराचंद, नरोत्तम मोरारजी या मंडळींनी ते घेतलं, कंपनी काढली, तिला नाव दिलं सिंदिया स्टीम नॅव्हिगेशन. 5 एप्रिल 1919 रोजी हे जहाज मुंबईहून लंडनला निघालं. तोच दिवस आपण आज राष्ट्रीय सागरी दिन म्हणून पाळतो. जहाज म्हणाल तर तोट्याचं. इंग्रज कंपन्यांनी वाट अडवलेली, 1923 मध्ये मुंबईतच मोडीत निघालं. चार वर्षांत भंगार! स्कूटरवाल्या मुलानं यावर काय म्हटलं असतं? पण कंपनी टिकली. भाडेयुद्धं लढली. वालचंदांनी 1941 मध्ये विशाखापट्टणमला जहाजबांधणीची गोदी सुरू केली आणि 1948 मध्ये तिथून जल उषा पाण्यात उतरलं, पंडित नेहरूंच्या हस्ते. परक्यांचं राज्य, परक्यांचे कायदे, भांडवलाची ओढाताण, आणि तरी 29 वर्षांत जुन्या विकत घेतलेल्या जहाजापासून घरच्या गोदीत बांधलेल्या जहाजापर्यंत. विमानवाहू नौकेच्या बाबतीत हा प्रवास आपण स्वतंत्र झाल्यावरही 61 वर्षांत केला: ब्रिटनमधून आलेली विक्रांत 1961 ची, कोचीत बांधलेली विक्रांत 2022 ची. एलपीडीच्या बाबतीत अठरा वर्षं गेली आहेत आणि अजून पत्रा कापलेला नाही.

नुसतं जहाज हाती असून भागत नाही, ही गोष्टही या गणितात धरली पाहिजे. डिसेंबर 1971 मध्ये पाकिस्तानी सैन्याची ब्रह्मदेशाकडची वाट तोडण्यासाठी आपण कॉक्स बाजारजवळ सैन्य उतरवायला गेलो. त्या वेळची घडियाल आणि गुलदार ही जहाजं सोव्हिएत संघाकडून आलेली, तशी नवीच होती. पण किनाऱ्याची पाहणी नाही, तुकडीला या कामाचा सराव नाही. जहाजं वाळूच्या दांड्यावर अडली, गुरखा जवान खोल पाण्यात उतरले, काही बुडाले. विजयाच्या जल्लोषात ती मोहीम कोणी फारशी आठवत नाही. सैन्य उतरवण्याची कला रोजच्या सरावानं टिकते आणि सरावाला जहाज लागतं. जलाश्व आलं तेव्हा कुठे ब्रिगेडच्या मापाचा सराव करायला अंगण मिळालं.

म्हणून मला विचाराल तर मी आणखी एक पाऊल पुढे जाईन, आणि यावर दोन्ही बाजू माझ्यावर चिडतील. नोव्हेंबर 2024 मध्ये ब्रिटननं अल्बियन आणि बुलवर्क ही दोन एलपीडी काढायचं जाहीर केलं. 2003 आणि 2005 ची जहाजं, म्हणजे जलाश्वपेक्षा तीन दशकांहून तरुण. विजेवर चालणाऱ्या प्रणोदनाची, म्हणजे पंखे विजेच्या मोटारींनी फिरवणारी. त्याच महिन्यात, पोर्ट्समथमध्ये, भारत आणि ब्रिटननं नौदलासाठी अशाच विद्युत प्रणोदनावर एकत्र काम करण्याच्या इराद्यावर सह्या केल्या, आणि आपल्या भावी एलपीडींना तेच बसवायचं मनात आहे. मग त्या दोघींतली एक आपण का मागू नये? ज्या यंत्रणेवर उद्याची जहाजं चालायची, तिच्यावर आपले खलाशी आजपासून हात बसवतील. आधी आपले अभियंते महिनाभर त्यांच्या तळाशी उतरून प्रत्येक पत्रा ठोकून बघू देत, अटी संसदेसमोर ठेवू देत, दुरुस्तीची कमाल किंमत करारात लिहू देत. पण एप्रिल 2025 मध्ये बुलवर्कसाठी बोलणी जाहीर केली ती ब्राझीलनं. आपण आवाजही दिल्याचं ऐकिवात नाही. भंगार म्हणून हिणवले जाऊ या भीतीनं दिला नसेल, तर ती भीती फार महाग पडणार आहे.

कारण वयाचं गणित साधं आहे. तत्त्वतः मंजुरीनंतर निविदा, मग किमतीची बोलणी, मग करार, मग बांधणी. सगळं सुरळीत झालं तरी पहिली नवी एलपीडी या दशकात मिळायची नाही. जलाश्वला 2031 मध्ये साठ वर्षं पूर्ण होतील.